विमानाचं पासिंग

आमच्या घरात मी पास केल्याशिवाय कुठलीच गाडी दारापुढं उभी राहत नाही. मुलाची मोटारसायकल मी पास केली, पुतण्याचा ट्रॅक्टर मी पास केला. भाच्याचा टेम्पो मी नापास केला होता. त्यानं तो तरीही घेतला, आणि तो आज सिन्नरला एका गॅरेजच्या मागे विटांवर उभा आहे. त्या रस्त्यानं जाताना मी मान वळवून बघत नाही. बघायची गरजच नाही.

शाळेचं विचाराल तर चौथीत मास्तरांशी माझं वाजलं. त्यांनी मला भागाकार शिकवायचा हट्ट धरला आणि मी न शिकायचा. त्यात मी जिंकलो आणि घरी बसलो. पुढं सगळा जन्म ट्रक चालवला. नाशिकहून इंदूर, नाशिकहून सुरत, कांदा, द्राक्षाच्या पेट्या, सिमेंट, एकदा तर सर्कशीचे तंबू. कुठंही भागाकार आडवा आला नाही. आता आडगाव नाक्याजवळ मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो, हात रिकामे असतात, म्हणून हे लिहायला घेतलं. अक्षर माझं खडीच्या रस्त्यासारखं आहे. वाचणाऱ्यानं सावकाश चालवावं.

गाडी बघायची माझी एक पद्धत आहे. आधी खालून बघायची. वरून सगळ्याच गाड्या चकचकीत दिसतात. खाली वाकलं की स्प्रिंगचे पाटे दिसतात, जोड दिसतात, कुठं ठिगळ मारलंय ते दिसतं. मग नखानं टकटक करायचं, मग चाकं, आणि रंग सगळ्यात शेवटी. वॉशिंग मशीन आलं तेव्हाही मी ते आडवं पाडायला लावलं. आणणारे दोघं माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मशीन पास झालं. अजून चाललंय.

तर मागच्या द्राक्षाच्या हंगामात सून एक खोकं घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"मामा, चष्मा लावा. एक गाडी बघायचीय."

"कुठं लावलीय?"

"ह्यात."

खोक्यातून निघालं विमान. वीतभर लांब, राखाडी रंगाचं, पोट फुगलेलं, शेपूट उंच. फौजेचं माल वाहणारं विमान आहे, असं तिनं सांगितलं. खोक्यावर काय लिहिलंय विचारलं तर म्हणाली, "डायकास्ट. म्हणजे ओतीव धातूचं. खेळणं नाय मामा, खऱ्यावरून हुबेहूब लहान केलंय."

"कुणासाठी?"

"दादांसाठी. रविवारी वाढदिवस आहे त्यांचा."

इथं मला दादांबद्दल सांगायला पाहिजे. दादा म्हणजे सुनेचे वडील, माझे व्याही, कळवणचे. तरुणपणी हवाई दलात गेले. विमान चालवायला नव्हे. मालाच्या विमानात माल लावायचा, पट्ट्यांनी आवळून बांधायचा आणि मालाबरोबर मागे बसून जायचं, हे त्यांचं काम. आमच्या भाषेत क्लीनर. हे मी लग्नाच्या बैठकीतच सगळ्यांदेखत बोललो होतो. तेव्हापासून ते मला डायव्हरसाहेब म्हणतात, मी त्यांना फौजी म्हणतो, आणि ह्यात मान किती आणि टोमणा किती ते दोघांनाही ठाऊक आहे.

विहीणबाई गेल्यापासून फौजी एकटेच राहतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा तर पार पिकलेला. सुनेला त्याचीच काळजी. एकदा त्यांनी चहात साखर म्हणून मीठ टाकलं आणि शेजारचा समोर बसलेला, त्याला कळू नये म्हणून तो चहा पिऊन टाकला. शेजाऱ्यानं एक घोट घेतला आणि फोन सुनेला केला. डोळ्याचा डॉक्टर नाशिकला, ऑपरेशन नाशिकला, त्यानंतर थेंब घालायला घरात माणूस पाहिजे. सगळं इथं होतं. पण लेकीच्या घरी रात्र काढायची नाही, हा फौजींचा नियम. सकाळच्या गाडीनं येणार, जेवणार, चारच्या गाडीनं परत. लग्नाला इतकी वर्षं झाली, आमच्या घरची उशी कशी आहे ते त्यांना माहीत नाही.

"ह्याच विमानावर होते ते," सून म्हणाली. "हातात दिलं की बघत बसतील, गोष्टी सांगतील. एक रात्र राहिले तरी सकाळी मी त्यांना डॉक्टरकडं घेऊन जाईन. पण वस्तू अस्सल पाहिजे. चुकीची निघाली तर त्यांचा अपमान झाल्यासारखं होईल. चारच्याऐवजी दोनलाच निघतील."

खरं सांगतो, घरात एक म्हातारा पुरे आहे असं माझं मत होतं. पण पोरीनं गाडी बघायला सांगितली होती. मी चष्मा लावला.

आधी तळहातावर घेऊन तोललं. वजन चांगलं होतं, पोट धातूचंच. पंखे आणि शेपटीवरची काटकी प्लास्टिकची, पण ती धातूची केली असती तर टोचली असती, म्हणून सोडून दिलं. मग पालथं केलं. पोटाखाली दोन भाग जोडल्याची शिवण होती, तिच्यावर नख फिरवलं, कुठं अडकलं नाही. काम सफाईचं होतं. शेपटीखाली पोट तिरकं कापलेलं, तिथं मागचा फाळका, म्हणजे मालाचं दार असणार. तेही बरोबर, माल मागूनच चढतो. चाकं फिरवली. डावीकडची मोकळी, उजवीकडची जरा घासत होती. नाकाखाली मिरीच्या दाण्याएवढं एक चाक, दाभणाच्या टोकासारख्या काडीवर बसवलेलं. ते बघून मी जरासा 'हं' केला. नंतर मला तो 'हं' आठवला.

मग सरळ केलं आणि माझ्या लक्षात आलं.

"नापास."

सुनेचं तोंड उतरलं. "का हो मामा?"

"इंजिनं बघ. पंखाच्या डोक्यावर बसवलीत. खाली लोंबायला पाहिजेत. कारखान्यात कुणीतरी पंख उलटे लावलेत. परत पाठव."

तिनं मोबाईलवर खऱ्या विमानाचा फोटो काढून दाखवला. त्यातही इंजिनं वरच होती.

"हा फोटो ह्याच विमानाचा काढलाय," मी म्हटलं. "लहान विमान जवळून काढलं की मोठं दिसतं."

ती खरंच खोकं बंद करायला लागली. तेवढ्यात आमची मंडळी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात लाटणं होतं, पण ते पोळ्यांचं.

"थांब गं," ती सुनेला म्हणाली. "ह्यांनी माझं शिलाई मशीनसुद्धा नापास केलं होतं. म्हणे, पायाखाली एकच पायडल कसं, ब्रेक कुठंय? ज्याचं विमान त्याला बघू दे."

विमान राहिलं. पण मी माझा शब्द मागे घेतला नाही. घेत नसतोच.

रविवारी फौजी आले. पांढरा शर्ट, चुरगळा कुठंही नाही, हातात रेक्झिनची बॅग. सोफ्याच्या कडेला असे बसतात की केव्हाही उठता यावं. जेवणं झाली. सुनेनं खोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ओढणीशी चाळा करत उभी राहिली.

त्यांनी विमान बाहेर काढलं. डाव्या डोळ्याजवळ, अगदी नाकाला लागेल इतकं धरलं. आणि मग ते पालथं केलं.

मी सावरून बसलो. आधी खालून बघणारा माणूस मला तोवर एकच माहीत होता, आणि तो मी होतो.

त्यांचं बोट पोटाखालून शिवणीवरून सरकत गेलं, फाळक्यापाशी थांबलं, परत आलं. ते डोळ्यांपेक्षा बोटांनीच बघत होते.

"चूक आहे," ते म्हणाले.

सुनेनं श्वास रोखला. मी मात्र खूष झालो. "मी आधीच सांगितलं होतं. इंजिनं वर बसवलीत."

फौजी हसायला लागले. इतके हसले की विमान त्यांच्या हातात उडायला लागलं. "अहो डायव्हरसाहेब, ती वरच असतात! खडीवर उतरायचं, मातीवर उतरायचं. चाकांनी उडवलेले दगड पंख्यात जाऊ नयेत म्हणून वर ठेवलीत."

"मग मडगार्ड लावायचं," मी म्हटलं.

सून हसली, आमची मंडळी हसली. मी हसलो नाही. मडगार्डचं माझं अजूनही तेच मत आहे.

"मग चूक काय म्हणता तुम्ही?" मी विचारलं.

"रंग. हा पिवळट मारलाय. आमचा रंग असा नव्हता. पावसाळ्यात आभाळ येतं ना भरून, तसा होता. आणि हा फाळका उघडत नाही. ह्यात मी माल कसा लावू?"

"तुम्हाला आता कुठं माल लावायचाय?"

बोलून गेलो. त्यांचं बोट फाळक्यावरच होतं. मला वाटलं आता उठतात. पण ते फाळक्याकडं बघतच बोलायला लागले. एकदा बर्फाच्या प्रदेशात, डोंगरांच्या मधल्या धावपट्टीवर त्यांचं विमान बंद पडलं होतं. सुटा भाग खालून यायचा होता आणि हवा खराब. विमानातली सगळी माणसं तिथंच राहिली. पंखाखाली ताडपत्री लावली, रॉकेलचा स्टोव्ह पेटवला, डब्यातलं वरण गरम केलं. मिशांवर बर्फ जमायचा.

"खालच्या तळावर जाऊन निवांत झोपता आलं असतं," ते म्हणाले. "पण तसं करत नाहीत. विमान जमिनीला लागलं की माणूस तिथंच. ते उडेपर्यंत त्याला सोडायचं नाही."

"आमच्यातही तेच," मी म्हटलं. "सुरगाण्याच्या घाटात माझा एक्सल तुटला होता. क्लीनरला नाशिकला पाठवला आणि मी गाडीखाली मुक्काम टाकला. वरच्या पाड्यातली एक म्हातारी रोज नागलीची भाकर आणि लसणाची चटणी आणून द्यायची. शेवटी तिला वाटलं मी तिथंच राहायला आलोय. म्हणाली, बाबा, पावसाच्या आधी छपराचं बघ."

फौजी परत हसले, पण ह्या वेळी माझ्यावर नाही. मला ते चहात बुडवलेल्या खारी बिस्किटासारखे जरा मऊ झालेले दिसले. सुनेलाही तसंच वाटलं असणार, कारण ती म्हणाली, "दादा, आजचा दिवस राहा ना. उद्या सकाळी..."

झालं. फौजींनी घड्याळ डोळ्याला लावलं, विमान खोक्यात घातलं, खोकं बॅगेत.

"वस्तू छान आहे बाळा. चुका आहेत, पण छान आहे. कळवणला टीव्हीशेजारी ठेवीन. चारची गाडी आहे निमाणी स्टँडवरून."

"डोळ्यांचं काय?"

"चाललंय की. रस्ता दिसतो, गाडी दिसते."

"पाटी दिसते का दादा गाडीवरची?"

"विचारतो मी. कळवणची हाय का म्हणून."

सून आत गेली. भांड्यांचा जरा मोठा आवाज आला. आमच्या मंडळीनं माझ्याकडं असं बघितलं की जसं काही मीच त्यांना बसमध्ये बसवतोय.

"फौजी, बॅग खाली ठेवा," मी म्हटलं. "नवी गाडी अशी पूजा न करता कुणी नेतं का?"

सून आजही म्हणते, मामांनी वेळ काढायला हे केलं. मला तिचं म्हणणं खोडायचं नाही. पण तेव्हा माझ्या डोक्यात तसलं काही नव्हतं. गाडी घरात आली, हळदकुंकू नाही, नारळ नाही, चाकाखाली लिंबू नाही, आणि निघाली रस्त्याला, हे मला बघवलं नाही इतकंच.

आणि गंमत म्हणजे फौजींनी लगेच बॅग ठेवली. "ते मात्र बरोबर आहे," म्हणाले. "आमच्याकडंही दसऱ्याला करायचे. चाकाखाली लिंबू ठेवून विमान पुढं ढकलायचे."

आयुष्यात पहिल्यांदा आमचं एका गोष्टीवर एकमत झालं. आणि त्यातच घोटाळा झाला.

मंडळीनं ताट आणलं. टीपॉयवर पाट, पाटावर विमान. सुनेनं नाकाला हळदकुंकवाचं बोट लावलं. मी नारळ गॅलरीत फोडून पाणी शिंपडलं, फौजी म्हणाले, "इंजिनात नको." मग लिंबू ठेवायला घेतलं, तर लिंबू विमानाच्या चाकांपेक्षा केवढंतरी मोठं. लिंबू ठेवलं तर विमानच लिंबावर चढून बसेल.

"राहू द्या," मंडळी म्हणाली.

"राहू द्या काय? अर्धी पूजा?" मी टोपलीतून एक द्राक्ष उचललं. चांगलं टपोरं होतं म्हणून ते ठेवून बारकं शोधलं. पुढच्या चाकासमोर ठेवलं आणि विमान ढकललं. द्राक्ष घरंगळत पुढं गेलं. परत ठेवलं, परत पळालं.

"वजन कमी पडतंय," फौजी म्हणाले. "लोड पाहिजे."

"लोड तुमचं खातं."

"मी बांधणारा. दाबायचं डायव्हरनं."

मी विमानाच्या नाकावर अंगठा ठेवला आणि दाबलं. ट्रक चालवलेला अंगठा आहे तो. द्राक्षाचं पाणी उडालं, सगळ्यांनी "हां!" केलं, आणि त्या 'हां'मध्येच 'कट्' असा बारीक आवाज आला.

विमान नाकावर पडलं. काडी वाकली होती आणि मिरीएवढं चाक कुठंतरी उडालं होतं.

सून विमानाकडं बघत होती, आणि मला पोरगी रडते की काय असं वाटलं. वाढदिवसाची भेट, तीही तिच्या सासऱ्यानं वडिलांच्या डोळ्यांदेखत मोडलेली. मला काहीतरी बोलायला पाहिजे होतं. पण माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळं शब्द लवकर सापडत नव्हते.

फौजींनी विमान उचललं, बोटानं नाक चाचपलं. "पुढचं चाक गेलं," ते म्हणाले. "हरकत नाही. कळवणला एक घड्याळवाला आहे, त्याच्याकडून बसवून घेईन." आणि बॅगेची चेन उघडली.

तेव्हा मला शब्द सापडले.

"घेऊन चाललात?"

"मग?"

"पुढचं चाक नाही, आणि विमान हलवता? मघाशी काय सांगत होता? विमान जमिनीला लागलं की माणूस तिथंच."

"डायव्हरसाहेब, हे वीतभर..."

"लहान असंल. फौजेचं हाय ना? का ते पंखाखाली ताडपत्रीचं सगळं आम्हाला खूष करायला सांगितलंत?"

ही गोष्ट त्यांना झोंबली. कान लाल झाले. "मी खोटं बोलत नसतो."

"मग बसा. चाक ह्याच घरात कुठंतरी पडलंय. सुटा भाग इथं, तर काम इथंच."

"मी लेकीच्या घरी मुक्काम करत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"लेकीच्या घरी कोण म्हणतंय? लेकीची खोली ती तिकडं. इथं तुमचं विमान पडलंय. तुमचा मुक्काम विमानाशी."

फौजी उभेच होते. एक हात बॅगेवर, एका हातात विमान. ते घड्याळाकडं बघायला लागले, पण घड्याळ डोळ्याला लावलं नाही, म्हणजे त्यांना नुसताच विचार करायचा होता. मी माझ्या आयुष्यात घाटात समोरून येणाऱ्या गाडीला कधी वाट दिली नाही, आधी त्यानं द्यावी म्हणून थांबायचो. इथंही थांबलो.

"चाक सापडेपर्यंत," ते शेवटी म्हणाले.

"सापडेपर्यंत."

"अंथरूण विमानापाशी घालायचं."

"टीपॉयला चिकटून घालू," मंडळी म्हणाली आणि कुणी मत बदलायच्या आत गादी काढायला गेली. सून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. ह्या वेळी भांड्यांचा आवाज मात्र आला नाही.

संध्याकाळभर आम्ही दोघं म्हातारे फरशीवर गुडघ्यांवर. सोफ्याखाली, कपाटाखाली, चपलांच्या मांडणीत. फौजी तळहातानं फरशी झाडत होते आणि मी बॅटरी मारत होतो. "उजवीकडं घ्या." "डावीकडं सोडा." मुलगा रविवारची ड्यूटी संपवून आला आणि दारातच थांबला. "अण्णा, काय हरवलंय?"

"विमानाचं चाक," मी म्हटलं. त्यानं पुढं विचारलं नाही. शहाणा मुलगा आहे.

चाक सापडलं नाही.

सकाळी फौजी आंघोळीला गेले होते तेव्हा मंडळीनं केर काढला, माझ्याजवळ आली आणि मूठ उघडली. "हे घ्या. पायपुसण्याच्या घडीत होतं."

मिरीएवढं काळं चाक. मी ते घेतलं. मग न्हाणीकडं बघितलं. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि फौजी कसलंतरी कवायतीचं गाणं म्हणत होते. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. चार वाजायला पूर्ण दिवस पडला होता, पण चार रोजच वाजतात.

माझी डबी दोन तोंडांची आहे. एका बाजूला चुना, एका बाजूला तंबाखू. चाक मी तंबाखूच्या बाजूला टाकलं आणि झाकण लावलं.

मंडळी बघत होती. "तंबाखूत?"

"चुन्यात खराब होईल."

"मी ते नाही विचारलं," ती म्हणाली आणि केरसुणी घेऊन गेली. तिला काय विचारायचं होतं ते तिनं कुणालाही विचारलं नाही. संसार इतकी वर्षं उगाच नाही टिकला.

फौजी बाहेर आले ते ताजेतवाने होऊन थेट फरशीवर. पद्धतशीर माणूस. त्यांनी हॉलचे चौकोन पाडले आणि एकेक चौकोन तपासायला लागले. मीही गुडघे टेकले. मला माहीत होतं तिथं काही नाही, तरी मी बॅटरी मारत होतो, आणि चांगली मारत होतो. जेवणाच्या टेबलाखालून फौजी एकदम ओरडले.

"सापडलं!"

सगळे धावले. त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरून ते वर केलं. चेहऱ्यावर असं काही होतं की मला आमच्या पहिल्या ट्रकचं पासिंग झालं तो दिवस आठवला.

मी जवळ जाऊन बघितलं. "फौजी, ही मिरी हाय."

"मिरी कशी? गोल आहे."

"मिरी गोलच असते."

"काळी आहे."

"तीही गोष्ट बरोबर."

मंडळीनं ती त्यांच्या चिमटीतून घेतली. "कालच्या मसालेभातातली," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. मी तर नाहीच नाही, मला हसू येत होतं तरी. फौजी टेबलाखालून बाहेर आले आणि खुर्चीवर बसले. त्यांनी बोटं एकमेकांवर घासली, जसं काही अजून तिथं काहीतरी आहे. पहिल्यांदाच मला ते म्हातारे वाटले. माझ्यापेक्षा ते लहानच आहेत.

सून त्यांच्या पायाशी येऊन बसली. "दादा," ती म्हणाली, "चाक इथंच आहे कुठंतरी. पण ह्या डोळ्यांनी नाही सापडायचं. मामांचे गुडघे गेलेत, आईंना वाकवत नाही. तुम्ही डोळा करून घ्या. मग शोधा. सापडेल."

त्यांनी टीपॉयकडं बघितलं. विमान नाक टेकून बसलं होतं, शेपूट वर. त्यांना ते कितपत दिसत होतं कोण जाणे.

"ह्याला असं किती दिवस ठेवणार?" ते म्हणाले. आणि मग, "डॉक्टर कुठं बसतो?"

उजवा डोळा झाला. मी बरोबर गेलो होतो, बाहेर बाकावर बसलो. आत नेताना ते मला म्हणाले, "विमानाकडं लक्ष ठेवा." मी डबी खिशात चाचपली आणि म्हटलं, "पुरेपूर."

पट्टी निघाली त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी काळा चष्मा काढला आणि आधी विमान हातात घेतलं. पडदा सरकवायला लावला, उजेडात धरलं. खूप वेळ बघितलं.

"अहो," ते म्हणाले, "रंग बरोबर आहे की!"

"मी काय सांगत होतो?"

"तुम्ही इंजिनांचं सांगत होता."

"ते सोडा. रंग बरोबर आहे ना?"

"अगदी तोच. भरून आलेलं आभाळ." त्यांनी विमान लांब धरलं, जवळ आणलं, परत लांब धरलं. सून दारात उभी होती. त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तू बारीक झालीस गं." ती म्हणाली, "नाही दादा, मी अशीच आहे." मग तिला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघालं.

आम्ही दोघं गॅलरीत येऊन बसलो. खाली आडगाव नाक्याकडं ट्रकांची रांग लागली होती. फौजी मला पाट्या वाचून दाखवत होते. एमपी. गुजरात. हॉर्न ओके. जसं काही मला वाचता येत नाही.

"चिमूटभर द्या," ते म्हणाले.

फौजींनी तंबाखू सोडली आहे. म्हणजे स्वतःची डबी बाळगायचं सोडलं आहे. मी एका ट्रकाकडं बघत होतो, त्याचा मागचा पाटा बसला होता आणि डायव्हरला कळलेलं दिसत नव्हतं. त्या नादात खिशातून डबी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. ठेवल्यावर मला आठवलं.

तोवर झाकण उघडलं होतं.

फौजी नव्या डोळ्यानं डबीत बघत होते. मी ट्रकाकडं बघत होतो. ट्रक पुढं गेला तरी मी तिकडंच बघत होतो.

त्यांनी चाकाच्या बाजूनं, त्याला धक्का न लावता, चिमूट उचलली. दुसरीकडचं झाकण उघडून नखावर चुना घेतला. मळली, थोपटली, ओठाखाली ठेवली. मग दोन्ही झाकणं नीट दाबून लावली आणि डबी माझ्या हातात परत दिली.

"तंबाखू जरा जुनी झालीय तुमची," ते म्हणाले.

"बदलतो."

"बदला. पण घाई नाही." त्यांनी पाय कठड्यावर टाकले. सोफ्याच्या कडेला बसणारा माणूस, पहिल्यांदाच पाठ टेकून बसला होता. "डावा डोळाही ह्याच डॉक्टरकडून करून घ्यावा म्हणतो. तोवर काय चाक सापडत नाही."

"मला नाही वाटत," मी म्हटलं.

"मडगार्ड असतं तर उडालंच नसतं," फौजी म्हणाले.